जुना मदरबोर्ड आणि कच्चे बिल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लालबागमधील एका लहान सार्वजनिक ग्रंथालयाचा मानद कार्यवाह या नात्याने हे पत्र लिहीत आहे. विषय वरकरणी किरकोळ वाटेल. आमच्या ग्रंथालयातील २०१२ सालच्या डेस्कटॉप संगणकाचा मदरबोर्ड (ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात ती मुख्य पाटी) गेल्या पावसाळ्यात निकामी झाला आणि तो बदलून घेईपर्यंत दीड महिना गेला. वास्तविक बोर्ड बदलणे हे एका दुपारचे काम आहे. उरलेले दिवस कशात गेले ते सांगण्यासाठी आपल्या स्तंभात थोडी जागा मागत आहे. विंडोज १० या संगणक-प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून शाळा, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था व आमच्यासारखी ग्रंथालये यांना जुने संगणक सरसकट भंगारात काढण्याचा सल्ला जो तो देऊ लागला आहे, म्हणून आमचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा.

नवा संगणक घ्या, असे आम्हालाही पहिल्याच दिवशी सांगण्यात आले. ते आम्ही का ऐकले नाही, हे आधी स्पष्ट करतो. आमच्याकडील सुमारे १८,००० पुस्तकांची सूची ज्या प्रणालीत आहे ती २००३ साली विकत घेतलेली असून तिच्यातील मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले जे फॉन्ट त्या काळी सर्रास वापरात होते, त्यांपैकी एकात तो आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला जागा मिळाली होती, पण ती आपल्या कार्यालयांच्या अंगवळणी पडायला फार उशीर झाला आणि त्याचे व्याज आम्ही आज भरत आहोत. ही सूची दुसऱ्या संगणकावर उघडली, तर ‘चरित्र’ या विभागाच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरे यांची रांगोळी उमटते. शिवाय प्रणाली चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या जुन्या पोर्टमध्ये, बोटाएवढे एक ‘कुलूप’ लावावे लागते. ते नसेल तर ती उघडतच नाही. यूएसबीला जोडून प्रिंटरचे पोर्ट देणारी केबल आम्ही आणून पाहिली. ती छपाईपुरती ठीक असते, कुलूप मात्र तिच्यातून ओळखले जात नाही. म्हणजे आम्हाला संगणक चालू करून हवा होता तो हौसेने नव्हे. सूची युनिकोडमध्ये उतरवून होईपर्यंत तेच एक दार उघडे होते.

बिघाड साधा दिसत होता. ग्रंथपालांनी सकाळी बटण दाबले, पंखा क्षणभर फिरला, थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला, आणि पडदा काळाच राहिला. दुकानी भाषेत याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. ज्या सेवा केंद्रात आम्ही संगणक नेला, तेथील तंत्रज्ञाने कॅबिनेटचे झाकणही न उघडता पाच मिनिटांत “बोर्ड गेला, याचा पार्ट आता मिळत नाही” असे सांगून तपासणीचे ५०० रुपये घेतले. नेमके काय बिघडले ते कागदावर लिहून द्या, अशी विनंती केल्यावर तसे देण्याची पद्धत नसल्याचे उत्तर मिळाले. नव्या संगणकाचे दरपत्रक मात्र तत्काळ छापून हाती ठेवण्यात आले.

आमचे एक वाचक आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले आहेत. त्यांनी दोन रविवार खर्चून जी तपासणी केली, ती कोणत्याही दुकानाला अर्ध्या तासात करता आली असती. सर्वप्रथम त्यांनी हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली व सगळ्या फाइलींची नक्कल करून घेतली. बोर्ड गेल्याने डिस्कवरील मजकूर जात नाही, ही गोष्ट आमच्या विश्वस्तांपैकी निम्म्यांना ठाऊक नव्हती आणि म्हणून ते अधिक घाबरले होते. मग रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासले, कारण मुंबईच्या हवेत ‘नो डिस्प्ले’चे कारण पुष्कळदा एवढेच असते. बोर्डावरची नाण्यासारखी तीन व्होल्टची बॅटरी, म्हणजे सीआर२०३२, बदलून पाहिली. काहीच फरक पडला नाही, तेव्हा रॅम पूर्ण काढून ठेवून संगणक चालू केला. बोर्ड जिवंत असेल आणि त्याला छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर रॅम नाही म्हणून तो बीप देऊन तक्रार करतो. आमच्या बोर्डाने तक्रारसुद्धा केली नाही. शेवटी वीज पुरवणारा एसएमपीएस बदलून पाहिला, तरी पंख्याचे फिरणे-थांबणे तसेच राहिले. थोडक्यात, सेवा केंद्राचे निदान बरोबर होते, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. आक्षेप आहे तो ते पाहण्याआधीच सांगितले गेले आणि त्याच्या पुढे काहीच करता येत नाही असे ठोकून दिले गेले, याबद्दल.

या तपासणीतून आणखी एक बाब निघाली, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. आमच्या जुन्या एसएमपीएसची १२ व्होल्टची तार भार असताना मोजली, तर ती ११ व्होल्टच्या आसपास घसरत होती. या तारेला वरखाली पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली ती जाता कामा नये. असा थकलेला एसएमपीएस तसाच ठेवून त्यावर नवा बोर्ड चढवला असता, तर संगणक अधूनमधून बंद पडत राहिला असता, कदाचित तो बोर्डही गेला असता, आणि पुन्हा “बोर्ड गेला” हेच ऐकायला मिळाले असते. बोर्ड कोणी मारला हे न शोधता बोर्ड बदलणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून लादी पुसण्यासारखे आहे.

कॅबिनेट उघडल्यावर प्रोसेसरशेजारील तीन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. हे नळकांड्यासारखे भाग आतील द्राव सुकला वा बिघडला की फुगतात. १९९९ ते २००७ या काळातील बोर्डांमध्ये सदोष द्रावामुळे ही साथच आली होती, आणि त्यानंतर हळूहळू घन पॉलिमरचे कपॅसिटर रूढ झाले. आमच्या बोर्डावर पैसे वाचवण्यासाठी दोन्ही प्रकारांची सरमिसळ केलेली होती. त्यात मुंबईची खारट, दमट हवा. बोर्डावर साचलेली धूळ पावसाळ्यात ओल धरते आणि जवळजवळच्या पिनांमध्ये वीज झिरपू लागते, तांब्यावर हिरवट थर चढतो. ग्रंथालय जुन्या चाळीच्या तळमजल्यावर आहे. तेथील जुन्या वायरिंगला अर्थिंगच नव्हते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत, आणि आम्ही सगळे ती संगणकाची खोड समजून चालत होतो. ती खोड नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतील कपॅसिटर थोडी वीज कॅबिनेटवर आणून सोडतात आणि अर्थिंगची तार तिला जमिनीत नेते. तार नसेल तर ती शरीरातून वाट शोधते. अशा जागी बोर्ड बदलण्यापूर्वी वायरमनला बोलावणे इष्ट, हे आम्हाला कोणत्याही दुकानदाराने सांगितले नाही.

ग्रँट रोड स्थानकाजवळील एका ‘चिप लेव्हल’, म्हणजे बोर्डावरील सुटे भाग बदलून देणाऱ्या, कारागिराने फुगलेले कपॅसिटर बदलून दिले, तरीही बोर्ड उठला नाही. संगणक चालू करताच चिपसेट, म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणारी चिप, बोट ठेवता येणार नाही इतका तापत होता. हे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असे सांगून त्याने केवळ कपॅसिटरांचे पैसे घेतले. या गृहस्थाचे दुकान एका जिन्याखाली, चार फूट रुंद आहे. पण त्याने काय तपासले, काय बदलले आणि काय मृत आहे, हे मागितल्याबरोबर वहीचे पान फाडून लिहून दिले.

आता बोर्ड शोधायचा होता. लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकवाल्यांच्या तोंडी जुनेच नाव आहे, तेथे गेल्यावर “मदरबोर्ड आहे का” असे विचारून चालत नाही. आमचा प्रोसेसर इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय३, म्हणजे बोर्डावर तो बसण्याची खाच एलजीए ११५५ या प्रकारची हवी. त्याच्या आधीची ११५६ आणि नंतरची ११५० यांचे आकडे जवळचे असले तरी प्रोसेसर एकमेकांत बसत नाहीत. रॅम डीडीआर३ जातीची, तीही फुकट जाऊ नये. बोर्डाचा आकार मायक्रो-एटीएक्स, हे एक ठरलेले माप. आणि आमच्यापुरती चौथी अट अशी, की बोर्डावर प्रिंटर पोर्टच्या पिना असाव्यात, म्हणजे पट्टी जोडून कुलूप लावता येईल. या पट्टीचे नाव बाजारात ‘एलपीटी ब्रॅकेट’ आहे आणि ते उच्चारताच समोरचा माणूस आपल्याकडे जरा आदराने पाहतो.

बाजारात या जातीचे बोर्ड तीन वाटांनी येतात. पहिली वाट कोऱ्या बोर्डांची. या खाचेसाठीचा एच६१ हा चिपसेट इंटेलने २०११ साली आणला व पुढे बंदही केला, तरी त्यावरचे कोरे बोर्ड आजही वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळतात. त्यांवर प्रिंटरच्या पिना क्वचितच असतात. दुसरे म्हणजे कार्यालयांनी मोडीत काढलेल्या संगणकांतून उपसलेले बोर्ड. तिसरा, जुन्या साठ्यातला न वापरलेला नामांकित बोर्ड, हा नशिबाचा भाग. आम्ही पहिल्यांदा उपसलेला बोर्ड १,८०० रुपयांना घेतला. दुकानात तो चालवून दाखवण्यात आला नाही. “चेकिंग वॉरंटी आहे, चालला नाही तर आणा” एवढ्या शब्दावर आणि बिनशिक्क्याच्या चिठोऱ्यावर आम्ही घरी आलो. या पद्धतीच्या खाचेत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात, केसाएवढ्या बारीक, ११५५. भिंगातून पाहिल्यावर त्यांतील चार वाकलेल्या दिसल्या. परत नेल्यावर “पिना तुम्हीच वाकवल्या, फिजिकल डॅमेजला वॉरंटी नाही” असे उत्तर मिळाले. खाचेवर प्लॅस्टिकचे झाकण नव्हते, हे आमच्या लक्षात नंतर आले. झाकणाशिवाय बोर्ड कोणी देऊ लागला तर घेऊ नये, आणि दुकानाच्याच दिव्याखाली मोबाइलने खाचेचे छायाचित्र काढून घ्यावे.

येथे कच्च्या बिलाचा प्रश्न येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ (हा २० जुलै २०२० पासून लागू झाला) याच्या कलम २(४७) नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल, रोखपावती न देणे हे अनुचित व्यापारी प्रथेत मोडते. त्याच कलमात सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे हेही येते. त्यासाठीची मुदत बिलात दिलेली असेल ती, आणि बिलात ती दिलेली नसेल तर ३० दिवसांची. वस्तू जुनी आहे म्हणून ही जबाबदारी संपते, असे कायदा कोठेही म्हणत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्याच्या तयारीत असल्याचे दुकानदारास सांगितले. त्याने अर्धी रक्कम परत केली आणि चिठोरे मागून घेतले. ते मी दिले, याची मला आता चुटपुट लागून आहे, कारण पुरावा म्हणून तेवढेच होते. दुसरा बोर्ड आम्ही वेगळ्या दुकानातून घेतला. तेथे तो बाकावर चालवून दाखवला गेला, अनुक्रमांकासह पक्के बिल झाले, त्यावर तीन महिन्यांची हमी लिहिली गेली. त्याची किंमत ४०० रुपयांनी जास्त होती. ते ४०० रुपये आमच्या हिशेबतपासनीसांनी सर्वांत कमी प्रश्न विचारून मंजूर केले.

बसवण्याची हकिकत लांबवत नाही. कॅबिनेटमधील पितळी पायांची जागा नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवून घ्यावी लागते. एक पाय जरी चुकीच्या जागी राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकतो आणि दुकानात चाललेला बोर्ड घरी मेल्यासारखा दिसतो. समोरच्या बटणाच्या बारीक तारांचे छायाचित्र आधीच काढून ठेवावे. प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. एवढे सगळे नीट करूनही विंडोज ७ सुरू होताना निळा पडदा दाखवून बंद पडू लागले आणि आमचा धीर सुटला. कारण असे निघाले, की हार्डडिस्कशी बोलण्याच्या दोन पद्धतींपैकी जुन्या बोर्डावर आयडीई ही नोंद होती आणि नव्यावर एएचसीआय. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ मांडणीत, तेवढी एक नोंद बदलताच संगणक पूर्वीसारखा उभा राहिला. विंडोज पुन्हा टाका, म्हणजे कुलपाची प्रणालीही पुन्हा टाका, असा सल्ला आम्हाला दोघांनी दिला होता. तो ऐकला असता, तर जुन्या सीडी शोधण्यात आणखी महिना गेला असता. परवाना मात्र नव्याने सक्रिय करावा लागतो. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना, ज्याला ओईएम म्हणतात, तो मदरबोर्डाला बांधलेला असतो. आवड म्हणून बोर्ड बदलला तर तो नवा संगणक ठरतो, पण बोर्ड सदोष म्हणून बदलला तर नवा परवाना घ्यावा लागत नाही. बोर्ड सदोष होता याचा आमच्याकडील एकमेव कागद म्हणजे जिन्याखालच्या कारागिराच्या वहीचे ते पान. (हा संगणक आम्ही इंटरनेटला जोडत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला असल्याने तसे करणे धोक्याचे आहे, आणि सूचीला इंटरनेटची गरजही नाही.)

आमचा संगणक दुरुस्त झाला तो प्रमाणित आकारामुळे. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स आणि १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स हे मापदंड ठरवून दिले. भोके कोठे, वीज कोठून, मागची खिडकी केवढी, हे सर्व ठरलेले असल्याने एका कंपनीचा बोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. कोणत्याही सरकारी आदेशाशिवाय डेस्कटॉप हे दुरुस्तीला सर्वांत सोयीचे यंत्र ठरले. परंतु अलीकडे सरकारी आणि सहकारी कार्यालयांत घेतले जाणारे तयार डेस्कटॉप पाहिले, तर त्यांतील पुष्कळांमध्ये विजेची जोडणी निराळी, समोरच्या बटणाची जोडणी निराळी, बोर्डाचा आकारही निराळा असतो. असा बोर्ड गेला, की त्याच कंपनीचा, त्याच नमुन्याचा बोर्ड मिळाला तरच निभाव लागतो. आमच्या शेजारच्या एका पतपेढीत असे चार संगणक केवळ या कारणाने कोपऱ्यात उभे आहेत. त्यांचे प्रोसेसर, रॅम, डिस्क सर्व धडधाकट आहेत. खरेदीच्या निविदेत ‘मदरबोर्ड व एसएमपीएस प्रमाणित मापाचे असावेत आणि त्यांचे नमुना क्रमांक बिलावर छापावेत’ एवढे एक वाक्य घातले, तर दहा वर्षांनंतरच्या कार्यवाहाचे काम सोपे होईल. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव पुरतो.

कायद्याच्या पातळीवर डेस्कटॉपची गंमत अशी आहे, की दुरुस्तीच्या याद्यांत तो सहसा आढळत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी (वस्तू दुरुस्त करणे किती सोपे, हे सांगणाऱ्या गुणांसाठी) नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल दिला. त्यात पहिला मान स्मार्टफोन आणि टॅब्लेट यांना आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक छापणे सक्तीचे केले, तेव्हा त्यात लॅपटॉप होता, डेस्कटॉप नव्हता. फोन आधी यावा, हे मला मान्य आहे. त्याची संख्याच तेवढी आहे. परंतु सुटे भाग किती वर्षे मिळतील, हा त्या निर्देशांकातील प्रश्न कार्यालयांना विकल्या जाणाऱ्या डेस्कटॉपला विचारला जावा, इतकी मागणी करण्यास हरकत नसावी.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत जुनी उपकरणे सुधारून विकणाऱ्यांनाही नोंदणी सांगितली आहे. मात्र कचरा नोंदणीकृत ठिकाणीच देण्याचे बंधन ज्या ‘घाऊक ग्राहकां’वर आहे, ते वर्षभरात किमान १,००० उपकरणे वापरणारे. लालबागमधल्या ग्रंथालयाकडे एक संगणक आणि दोन पंखे. आमचा मेलेला बोर्ड भंगारवाल्याने किलोच्या भावाने मागितला होता. २०२२ साली जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात वाचल्यापासून तो बोर्ड मी कपाटात ठेवला आहे, तीन फुगक्या कपॅसिटरांसह.

सूची युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम आता रोज संध्याकाळी चालू आहे. रूपांतर करणारी प्रणाली जोडाक्षरांत, विशेषतः रफारात, चुका करते, त्यामुळे प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते. सुमारे ४,००० नोंदी झाल्या आहेत. उरलेल्या होईपर्यंत हा बोर्ड टिकला पाहिजे, आणि तो न टिकल्यास हाताशी दुसरा हवा. आपल्या वाचकांपैकी कोणा दुकानदाराकडे प्रिंटर पोर्टच्या पिना असलेला, एलजीए ११५५ चा, खाचेवर झाकण असलेला बोर्ड पडून असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. आम्ही तो योग्य किमतीस घेऊ. बिल पक्के लागेल.

आपला विश्वासू,
मानद कार्यवाह, एक सार्वजनिक ग्रंथालय,
लालबाग, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)